देवीच्या पाठीतला कप्पा

हाँगकाँगला जाऊन फक्त मॉल्स आणि डिस्नेलँड करून परत येणार असाल, तर जरा थांबा. एक दुपार शाँग वानसाठी ठेवाच. मेट्रोतून बाहेर पडून चढ चढलात की हॉलिवूड रोडवर १८४७चं मान मो मंदिर लागतं. छताला टांगलेल्या उदबत्त्यांची भलीमोठी वेटोळी बघून झाली, की शेजारच्या पायऱ्यांनी खाली उतरा. ही कॅट स्ट्रीट, जुन्या वस्तूंची गल्ली. पाटीवरचं नाव मात्र ‘अप्पर लॅस्कर रो’. लॅस्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. शब्दही आपल्या ‘लष्कर’चाच भाऊबंद!

आणि याच गल्लीत मला भेटली खलाशांची देवी, टिन हाउ ऊर्फ माझू. दहाव्या शतकात फुजियानच्या मेइझोउ बेटावर जन्मलेली लिन घराण्यातली मुलगी, वादळात सापडलेल्यांना वाचवणारी, अशी तिची आख्यायिका. २००९मध्ये युनेस्कोने तिच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं.

मूर्ती वीतभर उंचीची, लाकडी. सोनेरी रंग उडालेला, चेहरा धुरानं काळवंडलेला. दुकानदार आजोबांनी ती उलटी केली, तर पाठीत छोटासा चौकोनी कप्पा. रिकामा!

घरच्या देव्हाऱ्यातल्या अशा मूर्तींच्या पाठीत धान्य, औषधी वनस्पती, रंगीत दोरे ठेवायची पद्धत. हुनान प्रांतातल्या मूर्तींमध्ये तर चक्क कागदही असतो. त्यावर कुटुंबाचं नाव, गाव, तारीख आणि देवीकडे काय मागितलं ते. मग कप्पा बंद करून ब्रशनं डोळे ‘उघडायचे’. थोडक्यात, प्राणप्रतिष्ठा. मूर्ती घराबाहेर काढायची तर देवतेला रीतसर निरोप द्यायचा. पण १९६६ ते १९७६च्या सांस्कृतिक क्रांतीत घरोघरचे देव्हारे मोडले गेले, तेव्हा निरोपाला वेळ कुणाला होता?

शेजारच्या मूर्तीचं झाकण शाबूत होतं. “उघडू?” आजोबांनी खुणेनंच विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं. कुणाच्या तरी घरचं गाऱ्हाणं होतं ते, माझ्या हॉलमधल्या शेल्फसाठी लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही गेलात तर लक्षात ठेवा : या गल्लीत धूर देऊन जुना केलेला नवा माल भरपूर आहे. त्यामुळे आधी मूर्तीची पाठ बघा. ती कुठून आली, निरोप झाला का, ते विचारा. भाव नंतर.