आईच्या किडनीची खबर

दादाचं क्रिएटिनिन १.१ चं १.५ झालं. त्याला लघवी नीट होत होती, पायांवर सूज नव्हती, ताप नव्हता, दोन्ही वेळचं जेवण व्यवस्थित होतं. तरी फोनवर रिपोर्ट पाहिल्याबरोबर किडनीच्या मॅडम म्हणाल्या, "उद्याच घेऊन या. ॲडमिट करायच्या तयारीने या." दिसायला ठणठणीत माणूस, आणि ॲडमिट कशासाठी, ते मला काही केल्या उमगेना.

आमचं चौसाळा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. गाडीची अडचण नाही, पण किडनी बसवलेल्या माणसाला दाखवायचं म्हटलं की मांजरसुंबा, बीड, गेवराई मागे टाकत थेट छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. दादाला किडनी आईने दिलेली. वाटेत आई पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, "मपली किडनी त्याला सोसंना का रं?"

पोचल्यावर सुरुवातीला मला वाटलं, रक्त तपासलं की उत्तर मिळेल. मॅडमनी समजावलं ते ऐकून मी आणखीच गोंधळलो. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून बाहेर टाकते. गाळणं कमी झालं की रक्तातला आकडा चढतो. पण तो का चढला, हे आकडा सांगत नाही. पाणी कमी पडलं असेल, जंतुसंसर्ग असेल, लघवीची वाट कुठे तुंबली असेल किंवा शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली असेल. दादा रोज बारा-बारा तासांनी टॅक्रोलिमस घेतो. ते रक्तात कमी पडलं तर रिजेक्शनचा धोका. जास्त झालं तर तेच औषध किडनीला अपाय करतं. म्हणजे एकाच १.५ चा अर्थ औषध वाढवा असा होऊ शकतो आणि औषध कमी करा असाही! त्या दिवशी सकाळचा डोस घेण्याआधीच दादाचं रक्त का काढून घेतलं, ते मला तेव्हा कळलं. डोसाच्या आधी रक्तात औषध किती उरलंय, ते त्यांना मोजायचं होतं.

त्याहून धक्का देणारी गोष्ट पुढेच होती. किडनीत इजा सुरू होऊनही क्रिएटिनिन काही काळ जागचं हलत नाही. उरलेला भाग काम ओढून नेतो. आकडा चढेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. आम्ही दर वेळी रिपोर्ट घेऊन निर्धास्त होत होतो, तो आकडा मुळात उशिरा बोलणारा.

टॅकची, म्हणजे टॅक्रोलिमसची, लेव्हल बरोबर आली, सोनोग्राफीतही अडथळा दिसला नाही. मग बायॉप्सी ठरली. बसवलेली किडनी पाठीकडे नसते, पोटाच्या खालच्या बाजूला पुढे असते. तिथे भूल देऊन सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालतात आणि बारीक धाग्याएवढे तुकडे काढतात. जगभर ते तुकडे वाचण्याची पद्धत कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये झालेल्या बैठकीतून आली, आणि आजही रिजेक्शनवर शेवटचा शब्द तिचाच. नंतर दादाला तासन् तास उताणं पडून राहायचं होतं, आणि लघवीतून रक्त येतंय का, यावर आमचे डोळे. आई म्हणाली, "पयल्यांदा माझ्यातनं काढली, आता पुन्हा तिलाच टोचालेत."

सुई न टोचता हे कळणार नाही का, असं मी मॅडमना विचारलं. कामाच्या गर्दीतही त्या थांबल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते मी आजही मनात घोळवतो.

कुठल्याही अवयवातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि काही तासांत साफ होतात. दादाच्या रक्तात असे तुकडे बहुतेक त्याचे स्वतःचेच असणार; थोडे मात्र आईच्या किडनीतून येणारे. किडनीवर हल्ला झाला की आईचे तुकडे वाढतात. हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९८ मध्ये पुरुषाचा अवयव मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तात वाय गुणसूत्राचे तुकडे दाखवून दिले. आमच्याकडे नेमकं उलट, देणारी बाई आणि घेणारा पुरुष, म्हणून ती खूण कामाची नाही. आताच्या चाचण्या डीएनएमधल्या शेकडो बारीक फरकांवर चालतात.

मी विचारलं, आईचं आणि दादाचं डीएनए वेगळं ओळखणार कसं? मॅडम म्हणाल्या, "आईच्या डीएनएचा अर्धा वाटा त्याला जन्माने मिळाला. राहिलेला अर्धा तिच्यापाशीच होता. किडनीबरोबर तोही आला." शरीराला परका वाटतो तो हाच वाटा, आणि चाचणी ओळखते तीही यालाच. आईच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ असेल, असं मला वाटलं नव्हतं. तिला मी तसंच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हंजी मपल्या आई-बापाचं बी त्याच्यात गेलं."

अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१७ मध्ये, दात्याच्या तुकड्यांचं प्रमाण एक टक्क्यावर गेलं तर सावध व्हावं असं दिसलं. पण एक टक्क्याच्या वर गेलेल्या सगळ्यांनाच रिजेक्शन नव्हतं आणि खाली असलेले सगळेच सुटलेले नव्हते. अँटिबॉडींनी होणारं रिजेक्शन ही चाचणी चांगलं पकडते. पेशींनी होणारं सौम्य रिजेक्शन तिच्या नजरेतून निसटू शकतं. लघवीवरही काम झालंय. न्यूयॉर्कच्या मणिक्कम सुदंथिरन यांच्या गटाने २०१३ मध्ये ४८५ रुग्णांच्या लघवीतल्या पेशींमधला आरएनए तपासला, तर बायॉप्सीत रिजेक्शन दिसण्याआधीच्या काही आठवड्यांत खुणा चढताना सापडल्या. पांढऱ्या पेशींना बोलावणारी सीएक्ससीएल ९ आणि १० ही प्रथिनंही लघवीत मोजतात. पण लघवीत जंतुसंसर्ग असला तरी ती वाढतात. यांतली एकही चाचणी आज बायॉप्सीला रजा देत नाही. बायॉप्सी कुणाची करायची आणि कधी, एवढं त्या लवकर सुचवू शकतात.

ते एवढंसंही आमच्यासारख्यांना फार मोठं आहे, असं मला कळकळीने वाटतं. शहरातला माणूस शंका आली की तासाभरात दवाखान्यात पोचतो. आमच्याकडे काम बुडवून, सोबतीला माणूस घेऊन, भाड्याचे पैसे जुळवून जावं लागतं, आणि म्हणून "बघू चार दिवस" हेच तोंडात येतं. इजा वाढते ती त्याच चार दिवसांत. लघवीतला आरएनए पटकन खराब होतो, त्यामुळे त्या नमुन्यांवर लगेच प्रक्रिया करावी लागते; रक्तातल्या डीएनएसाठी मात्र खास नळ्या आहेत, त्यांत नमुना काही दिवस टिकतो. अशा नळीत बीडला रक्त काढून ते मोठ्या लॅबला पाठवता आलं, आणि त्याचा खर्च सरकारी योजनेत बसला, तर चौसाळ्यातल्या माणसाला गाडीत बसायचं की नाही, हे घरूनच ठरवता येईल.

दादाच्या बायॉप्सीत सौम्य रिजेक्शन निघालं, पेशींचं, म्हणजे डीएनएच्या चाचणीला कदाचित चकवणारंच. सलाइनमधून स्टिरॉइड दिलं, गोळ्यांचे डोस बदलले, आणि क्रिएटिनिन १.२ वर आलं. घरी सोडताना मॅडमनी टॅकची लेव्हल, लघवीतलं प्रोटीन आणि दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी कधी तपासायच्या, ते फाइलवर लिहून दिलं. आईला त्यातलं वाचता येत नाही. तारखा मात्र तिने मला दोनदा म्हणायला लावून पाठ करून घेतल्या.