तालीम दिवाळीच्या आधी

धान कापून, चुरून घरात आलं की आमच्या झाडीत नाटकं सुरू होतात. झाडी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पुढं शंकरपट. दिवसा बैल धावतात, रात्री नाटक. दहा-अकराला पडदा उघडला की कोंबडा आरवेपर्यंत चालतं. पाहुण्यांनी घरं भरतात. मंडईच्या निमित्तानं पोरींची लग्नंसुद्धा जुळतात.

माझे बाबा दोन एकर धानाचे शेतकरी आणि गावच्या मंडळाचे कायमचे खलनायक. तालीम आमच्याच ओसरीत. आत चुलीपुढं बसून मी सगळ्यांच्या भूमिका पाठ करायची. पुरुषांची कामं गावातले करत. बाईच्या कामासाठी नागपूरहून नटी यायची, पैसे ठरवून. एक तर दरवर्षी आमच्याच घरी उतरायची. बाबा तिला ताई म्हणायचे, माय तिला पोटभर जेवू घालायची. पण ती गेली की शेजारच्या बाया मायला विचारायच्या, "तिचा गिलास येगरा ठेवला ना वो?" आणि माय मान हलवायची. खरंच वेगळा होता तो गिलास, फडताळात वरच्या फळीवर.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. शंकरपटाच्या नाटकाला दोन नट्या यायच्या होत्या, एकच आली. नायकाच्या बहिणीचं काम अडलं. तीन प्रवेशांचं काम. मी म्हटलं, "बाबा, मले सारं पाठ हाये."

आरशातून नजर न काढता ते म्हणाले, "तू घरात जा."

शेवटी मिशी काढून एका पोराला उभं केलं. अंगावर मायचं लग्नातलं लुगडं. बहीण मरते त्या प्रवेशाला अख्खा मंडप हसला. मी बायकांत बसून ते पाहत होते. रडूही आलं नाही, इतका राग आला होता.

उन्हाळ्यात कॉलेजच्या सरांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राबद्दल सांगितलं. नाटकात एम.ए. करता येतं, दोन वर्षांचं. मी फॉर्म भरला, जाऊन तोच बहिणीचा प्रवेश करून दाखवला. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "छान. आता हेच शेजारी बसलेल्या माणसाला सांगितल्यासारखं म्हण." मला जमेना. माझा आवाज मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा, शेजारच्याशी बोलायचं मला ठाऊकच नव्हतं. तरी निवड झाली. त्याच आठवड्यात बी.एड.लाही नंबर लागला. तेही दोनच वर्षांचं.

माय म्हणाली, "बी.एड. कर, मास्तरीण होशीन." पण गावात बी.एड. झालेली चार पोरं धान कापायलाच जात होती, हे तिलाही दिसत होतं. मला भीती बाबांची होती. ते पुण्याला नाहीच म्हणतील, मग भांडू, असं ठरवून बसले होते. बाबा म्हणाले, "जा पुण्याले. डिग्री हाये ना ते? मंग सांगता येते लोकाइले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरापासून पन्नास पावलांवरच्या मंचावर ज्यांनी पाय ठेवू दिला नाही, ते मला दिवसरात्रीच्या गाडीनं पुण्याला नाटक करायला पाठवत होते! कागद मिळणार होता म्हणून. नागपूरच्या ताईकडं कागद नव्हता, म्हणून तिचा गिलास वेगळा. आणि मी तो कागद एवढ्यासाठीच आणणार असेन, की मला कुणी तिच्यासारखी समजू नये, तर मग गिलास वेगळा ठेवणाऱ्यांत मीही आलेच की.

मनात दोन गोष्टींची गुंतवळ झाली होती. एक शिकायचं होतं, शेजारच्या माणसाशी बोलायचं. त्यासाठी पुण्याला जायलाच हवं होतं, ते आमच्या मंडपात कुणी शिकवलं नसतं. दुसरं, मान. तो पुण्याहून आणून गावात वाटता येणार नव्हता. त्याचा निकाल इथंच, त्याच मंचावर लागायला हवा होता.

रोवण्याचे दिवस होते. बांधीत चिखलात उभी राहून बाबांना म्हटलं, "पुण्याले जातो मी. पन मंडईच्या नाटकात बहिणीचं काम माह्यं."

बाबा पऱ्हे उपटत राहिले. मुठीमागून मूठ बांधत गेले. त्या दिवशी काही बोलले नाहीत, पुढच्या आठवड्यातही नाही. मायनं मात्र ऐकलं होतं. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "बाया मले बोलतीन. बोलू दे."

वडशाच्या स्टेशनवर बाबा सोडायला आले. इथून गोंदिया, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस. त्यांनी पिशवी आत ठेवली, खाली उतरले, खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "तालीम दिवाळीच्या आधी लागते. सुट्टी काढजो."

मी सुट्टी काढली. पहिल्या प्रवेशाला माझे पाय कापत होते. मरायच्या प्रवेशाला कुणी हसलं नाही. बाया मायला बोलायच्या त्या बोलल्याच, दोन घरांनी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पहाटे रंग पुसून नागपूरची ताई आणि मी चुलीपाशी बसलो, तेव्हा मायनं रोजच्याच गिलासांत दोघींना चहा दिला.

आता आमच्याकडच्या पोरी फोन करतात, "ताई, नाटकाची डिग्री करू का वो?" मी हो किंवा नाही सांगत नाही. आधी विचारते, काय येत नाही तुला, जे तिथं जाऊन शिकायचंय? ते सांगता आलं तर जा म्हणते. लोकांना सांगायला हवी असेल तर म्हणते, बाई, आधी गावच्या मंडईत एक काम करून पाहा.