हवेतले हिरे

स्क्रूज मॅकडकला आणखी हिरे हवे होते ते कशाला? कार्ल बार्क्सने १९४७ साली या बदकाला कॉमिकमध्ये जन्माला घातलं आणि पुढे त्याच्या पैशाला कोठार बांधलं. त्या कोठाराचं माप सांगतात ३ घन एकर. असं माप जगात कुठे नाही; पण तेवढा पैसा मोजायचा तर मापही बनवाबनवीचंच लागणार. तरीसुद्धा कॅपकॉमच्या १९८९ च्या 'डकटेल्स' या व्हिडिओ गेममध्ये हे शेटजी अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र पालथा घालतात. हातातली काठी पायाखाली रोवायची आणि तिच्यावर टुणटुण उड्या मारायच्या. काट्यांवर ती चालते, शत्रूच्या टाळक्यावर चालते, हिमालयातल्या भुसभुशीत बर्फात मात्र रुतते.

आमच्याकडे हा बदक आधी दूरदर्शनवर हिंदी बोलत आला, गेम नंतर. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो आणि तिच्यात फुंकर मारल्याशिवाय ती खोचायची नाही, असा दंडक होता.

त्या गेममधली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. रिकाम्या हवेत, जिथे काही म्हणजे काही दिसत नाही, तिथून स्क्रूज नेमका गेला की हिरा उमटतो. हातभर अलीकडून गेला तर काही नाही. पैशाकडे पैसा जातो, तो असा.

ही म्हण मी श्रीमंताच्या तोंडून कधी ऐकलेली नाही. ती म्हणायची वेळ येते बाजूच्याच्या जमिनीला भाव आला की, किंवा आधीच दोन फ्लॅट असलेल्याला तिसरा लागला की. म्हणणाऱ्याच्या दारावरून पैसा नुकताच पुढे गेलेला असतो. म्हणीत पैशाला पाय आहेत, दिशा आहे, ओळखीपाळखीही असाव्यात. गेममध्ये उलटं. हिरा आपल्या जागी गप्प बसलेला, पाय स्क्रूजचे. मग म्हण लागू पडते की नाही? आणि कुणीच तिकडून गेलं नाही, तर त्या हवेत हिरा होता असं म्हणायचं का?

असल्या प्रश्नांचा अधिकार खरं तर पायाळू माणसांचा. पायांकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असं आमच्या गावात सगळेच मानायचे. माझी थोरली आत्या पायाळू. पावसाळ्यात वीज कडाडली की तिला ओढून घरात घ्यायचे, कारण वीज पायाळूवरच पडते. एरवी तिची आठवण व्हायची ती कुणाच्या कमरेत उसण भरली की. माणूस ओटीवर घोंगडीवर पालथा पडायचा. आत्या एका हाताने चौकट धरायची, दुसऱ्या हाताने लुगडं घोट्याच्या वर घ्यायची आणि भेगाळलेली टाच त्याच्या कमरेवर अलगद टेकवायची. तोंडाने काही पुटपुटणं नाही. मग त्याला म्हणायची, "ऊठ रे आता." तो उठायचा, आणि बरेचदा हसत उठायचा.

अंजन मात्र तिला कुणी घातलं नाही. आजी सांगायची की पुरलेले हंडे जमिनीखाली सरकतात, रात्री खणखण आवाज येतो आणि भलत्याने खणलं तर मोहरांचे कोळसे होतात. हे खरं असेल तर ज्याला धन दिसलं त्यालाही ते मिळेलच असं नाही. दिसणं आजचं, हंडा उद्या दुसरीकडे.

'डकटेल्स' १९९० साली गेम बॉयवर आला तेव्हा जवळपास हेच झालं. मुठीत मावणारा १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा, रंग नाहीत. मुलखांची नावं तीच, काठी तीच. वाटा मात्र हलवलेल्या. पाठ केलेल्या जागी उडी मारावी तर हंडा सरकलेला. जो हिरा सापडे तोही हिरवट-करडा, म्हणजे कोळसाच. मला ही आवृत्ती मूळ गेमपेक्षा प्रामाणिक वाटते, का ते नीट सांगता येणार नाही. २०१३ च्या 'डकटेल्स: रीमास्टर्ड'मध्ये चित्रं देखणी, स्क्रूजला ९३ वर्षांच्या अ‍ॅलन यंगचा आवाज, सगळं ऐश्वर्य आहे. पण स्क्रूज कुठे कशासाठी निघालाय, हे तो गेम इतक्या वेळा सांगतो की शोधायची हौस फिटते.

मी आत्याला एकदा विचारलं होतं, तुला धन दिसलं असतं तर काय केलं असतंस? "दिसून काय? खणायला माणसं कोण लावणार?"

हे ऐकल्यावर म्हण पुन्हा खरी वाटायला लागते. स्क्रूजकडे माणसं आहेत. विमान उडवायला लाँचपॅड नावाचा वैमानिक आहे, खाऊ टाकायला मिसेस बीकली, वाटेत भेटून चार गोष्टी सांगायला भाचीची तीन पोरं. पण गेममध्ये खणतंय कोण? काठी म्हाताऱ्याच्याच हातात आहे आणि बाकीची मंडळी एक हिरासुद्धा उचलत नाहीत. शेवट ठरतो तो स्क्रूजच्या नावावरच्या रकमेवर. एक कोटी डॉलर आणि दोन्ही गुप्त खजिने जमले तर त्याच्या डोक्यावर मुकुट चढतो. पोरांचा वाटा किती, याचा पडद्यावरच्या आकड्यांत कुठे हिशेब नाही. उसण काढल्याबद्दल आत्यालाही कुणी चार पैसे देताना मी पाहिलं नाही. दिले असते तर तिने घेतले असते की नाही, हेही मला सांगता यायचं नाही. टाच टेकवल्यावर ती पाय धुवायची आणि पुन्हा निवडणटिपण करायला बसायची.