कादंबरी संपते, तिथून पुढे गोठणगाव

विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेसच्या पाटीवर आपण गोंदियाचं नाव शेकडो वेळा वाचलेलं असतं. गाडी जिथे संपते ते स्टेशन, एवढीच बहुतेकांची ओळख. जरा वाचणाऱ्यांना मारुती चितमपल्लींमुळे नवेगावबांध ठाऊक असतं. पण तिथून जवळच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तिबेटी माणसांचं एक अख्खं गाव वसलेलं आहे, हे किती जणांना माहितीये?

मला ते कळलं एका कादंबरीमुळे. नागपुरात आमची आठ जणांची पुस्तक भिशी आहे. आयटी, बँक, मीडिया असा मिक्स ग्रुप. महिन्याला एक पुस्तक, दर वेळी एकाचं घर, चहा-पोहे आणि भरपूर वादावादी. यंदा एका महिन्याला निघालं डेव्ह एगर्सचं 'व्हॉट इज द व्हॉट'. 2006 ची ही कादंबरी व्हॅलेंटिनो अचक डेंग या खऱ्याखुऱ्या माणसाच्या आयुष्यावर बेतलेली आहे. सुदानच्या यादवी युद्धात गाव जळतं आणि हा लहानगा शेकडो मुलांच्या तांड्याबरोबर इथिओपियाकडे चालू लागतो. वाटेत भूक, तहान, सिंह. 1991 मध्ये इथिओपियातूनही पळावं लागतं, तेव्हा गिलो नदीत मागून गोळ्या आणि पाण्यात मगरी. मग केनियातल्या काकुमा छावणीत सरलेली वर्षं आणि शेवटी अमेरिका.

त्या दिवशी पोहे तसेच राहिले. दोघींना पुस्तक पूर्णच करवलं नव्हतं. एकाला लगेच डोनेशन द्यायचं होतं. आपण किती लकी आहोत, हेही बोलून झालं. दीड तास आम्ही सिंह आणि नदीवरच बोलत होतो. खरं तर कादंबरी सुरू होते ती अटलांटात. मोठा झालेला व्हॅलेंटिनो स्वतःच्याच फ्लॅटमध्ये लुटला जातो आणि बांधलेल्या अवस्थेत मनातल्या मनात आपली गोष्ट सांगू लागतो. वाचल्यानंतरचं जगणं किती अवघड असतं, हे लेखकाने पहिल्याच पानांत मांडलंय. त्यावर आमची चर्चा झाली जेमतेम पाच मिनिटं.

तेवढ्यात वडशाला आजोळ असलेली मैत्रीण म्हणाली, निर्वासितांना बघायला आफ्रिकेपर्यंत कशाला जायचं? हिवाळ्यात आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो, त्यांतले काही माझ्या मामाच्या गावाजवळचेच आहेत.

मग एका शनिवारी निघाले.

नवेगावबांध सोडलं की दोन्ही बाजूंना जंगल आणि धानाची खाचरं. हा झाडीपट्टी नाटकांचा मुलूख. एका बाजूला प्रतापगडचा डोंगर, जिथे महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. दुसरीकडे इटियाडोह धरण. आणि गोठणगावजवळ अचानक प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडताना दिसतात. ही नॉर्ग्येलिंग वसाहत, 1972 साली वसलेली. जुन्या कागदांत आणि तिबेटी लोकांच्या बोलण्यात तिचं नाव अजूनही 'भंडारा' आहे, कारण गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1999 मध्ये.

दलाई लामा 1959 च्या मार्चमध्ये भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसं आली. अनेकांना डोंगरात रस्ते बांधायचं काम मिळालं आणि त्यांची मुलं त्या कॅम्पांत आजारी पडू लागली. 17 मे 1960 ला जम्मूच्या अशाच कॅम्पांतून 51 मुलं धरमशाला इथे आणली गेली आणि त्यांच्यासाठी एक पाळणाघर सुरू झालं. आजची 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' ही संस्था त्यातूनच उभी राहिली.

गोठणगावात मला भेटलेल्या एक आजी तेव्हा लहानच होत्या. हिमालयातली वाट ऐकायला मिळेल म्हणून मी सरसावून बसले, पण त्यांना ती फारशी आठवत नव्हती. त्या बोलल्या इथल्या पहिल्या उन्हाळ्यांबद्दल. पठारावरच्या थंडीतून आलेल्या माणसांना विदर्भाचं ऊन म्हणजे काय झालं असेल! जंगल साफ करणं, साप, धान लावायला शिकणं. हे सगळं त्या हिंदीत, मध्येच मराठी शब्द पेरत, हसत हसत सांगत होत्या.

त्यांचा नातू माझ्याच वयाचा. थंडीत नागपुरात स्वेटर विकतो. तो जन्मला याच जिल्ह्यात, तरी कायद्याने परदेशी. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेल्यांना जन्माने नागरिकत्व मिळतं. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते तिबेटींनाही लागू असल्याचं मान्य केलं. पण आमची पिढी त्यानंतरची. त्याच्याकडे आहे नोंदणीचं प्रमाणपत्र, ठरावीक मुदतीने नवं करून घ्यायचं. निर्वासितांबद्दलच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे त्याचाही आधार नाही. परदेशी जावं का, हा प्रश्न इथल्या तरुण पोरांच्या बोलण्यात येतोच. सगळे गेले तर भात कोण लावणार, हा आजींचा प्रश्न.

याच तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली वसाहतीही आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांच्या. त्यांच्यात नामशूद्र समाज बराच. पश्चिम बंगालात हा समाज अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्रात नाही. म्हणजे दोन पिढ्या उलटल्या, तरी शाळा-कॉलेजच्या फॉर्मवर तोच जुना प्रश्न.

पुढच्या भिशीला मी हे सगळं सांगितलं. या वेळी कुणी रडलं नाही, पण प्रश्न खूप निघाले. कागदपत्रांचे, जमिनीचे, नोकरीचे, लग्नाचे. ज्या दोघींनी पुस्तक अर्धवट सोडलं होतं, त्यांनी ते पुन्हा हातात घेतलंय. कादंबरीने आम्हाला हादरवलं, हे तिचं कामच होतं. नदी पार केलेलं पोर पुढे पन्नास वर्षं कशावर जगतं, हे मात्र चर्चेत आपणच आणावं लागतं. तुमचाही असा ग्रुप असेल तर निर्वासित मुलांवरचं पुस्तक निवडताना त्यासोबत एक वीकएण्ड अर्जुनी मोरगावसाठी ठेवा.

कसं जाल? गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर अर्जुनी स्टेशन आहे, पुढे रस्त्याने. नागपूरहून गाडी काढलीत तर नवेगावबांधचा तलावही होतो. ऐन थंडीत स्वेटरच्या सीझनमुळे बरीच घरं बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, लोसार म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सुमारास, माणसं परतलेली असतात. फोटो विचारून काढा. आणि कुणी चहाला बोलावलं तर घाई करू नका. गप्पा दुसऱ्या कपानंतर रंगतात.