वाईचा घाट आणि अक्काचें घर

वाईस जाणारा मनुष्य बहुधा ढोल्या गणपतीचें दर्शन घेतो, घटकाभर घाटावर बसतो, आणि वेळ असल्यास मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा पाहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस चढतो. आम्हीही आजवर तसेंच करीत आलों. यंदा पौषांत मात्र तीन आठवडे तेथें राहण्याचा योग आला, आणि त्यांतील बराच काळ एका जुन्या वाड्याचे उंबरठे मोजण्यांत गेला. असलें प्रवासवर्णन वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल.

माझी वडील बहीण अक्का या वाड्यांत सून म्हणून आली त्यास आतां साठांहून अधिक वर्षें झालीं. मार्गशीर्षांत भाच्याचा फोन आला. पहांटे साडेचार वाजतां अक्का घाटाच्या खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यांत उभी सांपडली. हातांत रिकामा तांब्या, अंगावर नुसतें पातळ. धोमच्या धरणांतून त्या वेळीं पाणी सोडलें असतें तर काय झालें असतें, हें कोणीच बोललें नाहीं. मी निघालों तो मनाशीं ठरवूनच: हिला पुण्यास आणावयाचें. आमच्या बिऱ्हाडास उद्वाहन आहे, पायऱ्या नाहींत, नदीही नाहीं.

स्मृतिभ्रंश हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत येतो, आणि वर्गांत तो शिकवितांना मीं त्याचा संबंध क्रोधाशीं जोडून मुलांस पुष्कळ उपदेश केला आहे. वैद्य आज ज्यास डिमेन्शिया म्हणतात त्याचें मूळ क्रोधांत नाहीं कीं पूर्वकर्मांत नाहीं. मेंदूंतील पेशीच क्षीण होत जातात. १९०६ सालीं आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें ज्याचें वर्णन केलें, तो विकार यांत सर्वांत अधिक आढळतो. त्यांत नवें तें आधीं पुसलें जातें, जुनें मागाहून. तथापि म्हातारपणीं असें व्हावयाचेंच, असें म्हणून घरीं बसूं नये. थायरॉईडच्या दोषानें किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेंही विस्मरण होतें, आणि त्यावर उपाय चालतो. अक्काच्या तपासण्या झाल्या होत्या. तिचें तसें नव्हतें.

पहिल्याच सकाळीं मीं मास्तरकी केली. "अक्का, मी कोण? आज वार कोणता?" तिनें माझ्याकडे निरखून पाहिलें आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही जेवलांत का?" अण्णा म्हणजे आमचे वडील, त्यांस जाऊन चाळीस वर्षें झालीं. तें मीं तिला सांगितलें. सांगितलें म्हणजे काय, तिला तें मरण त्या क्षणीं नव्यानें कळलें. ती दुपारपर्यंत रडत होती. भाचेसून मला एवढेंच म्हणाली, "मामा, परीक्षा घेऊं नका." पुढें मी रोज अण्णा झालों आणि रोज जेवलों असें सांगितलें.

ही सूनबाई शिकलेली आहे, पण हें ज्ञान तिनें पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. वाड्यांत अकरा उंबरठे, दोन जिने आणि परसांत एक आड. उतारवयांत डोळ्यांस रंगांतला भेद कमी कळतो. काळ्या फरशीवरील काळी पायरी दिसतच नाहीं. म्हणून तिनें प्रत्येक पायरीच्या कडेस पिवळ्या रंगाचा पट्टा ओढविला आहे. न्हाणीघरांत गडद निळें पायपुसणें होतें. अक्का दाराशींच थबके, किंचाळे, आंत जाईना. घरचे म्हणत, हट्टी झाली. एके दिवशीं सूनबाईनें पायपुसणें उचललें आणि अक्का निमूट आंत गेली! तिला तेथें खड्डा दिसत होता. तेव्हांपासून तेथें फरशीच्या रंगाचेंच, न घसरणारें पायपुसणें आहे, भिंतीस धरावयास दांडा आहे, आणि आंतली कडी काढून टाकली आहे. कारण एकदां तिनें ती लावली आणि काढावी कशी हें विसरली, दार फोडावें लागलें. बादलींत आधीं गार पाणी, मग कढत, हा क्रम आतां नातवंडांसही पाठ आहे.

आरशाची गोष्ट हंसूं आणणारी आहे. माजघरांतल्या आरशांत अक्काला एक म्हातारी दिसे. "ही बाई सकाळपासून उपाशी बसली आहे, हिला वाढा." पुढें ती त्या बाईस भिऊं लागली, तेव्हां आरशावर पडदा आला. पांढरें फिनेल ताकासारखें दिसतें म्हणून तें कुलपांत गेलें. उंदरांचें औषध घरांतूनच गेलें. गॅसची टाकी रात्रीं बंद होते. समईची मात्र पंचाईत पडली. पदर पेटेल म्हणून दिवा लावणेंच बंद केलें, तर अक्का दिवसभर देवघरापुढें बसून राही. हल्लीं आगपेटी सूनबाईच्या कनवटीला असते आणि दिवा दोघी मिळून लावतात.

एवढें पाहून मीं गप्प राहावें कीं नाहीं? पण वडीलकीचा मान राखावयाचा म्हणून तिसऱ्या दिवशीं मीं अक्काची खाट अंधाऱ्या माजघरांतून उजेडाच्या ओटीवर आणविली आणि वाटेंतला झोपाळा काढविला. त्या रात्रीं ती उठली, साठ वर्षांच्या सवयीनें डावीकडे वळली आणि खांबावर आदळली. कपाळास तीन टांके पडले. दुसऱ्या दिवशीं खाट जागेवर गेली, झोपाळा पुन्हा टांगला, आणि खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारे मंद दिवे बसविले. पुण्याची गोष्ट मीं पुन्हा काढली नाहीं. वार विसरलेल्या त्या बाईच्या पायांस हें घर पाठ आहे. आमच्या बिऱ्हाडांत तिला डावें-उजवें कोणी शिकवावें?

दिंडीस भाच्यानें प्रथम बाहेरून कुलूप लावलें होतें. डॉक्टरांनीं विचारलें, आग लागली तर? आतां कडी हात सहज न पोहोंचेल इतकी वर आहे आणि दारास घंटा आहे. अक्काच्या हातांतल्या रुप्याच्या कड्यावर घरचा फोन नंबर कोरला आहे. घाटावरच्या फुलवालीस सर्व सांगून ठेविलें आहे. जुन्या मंडळींस हें लपवावेंसें वाटतें, पण लपविलेलें माणूस हरवलें तर शोधावें कोणी?

राहतां राहिला घाट. ढोल्या गणपतीचें देऊळ रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधिलें. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोट तीवर आदळतो आणि दुभंगून दोहों अंगांनीं निघून जातो. नदी अडविण्याचा हट्ट बांधणाऱ्यानें धरिला नाहीं. सूनबाई सकाळीं सहा वाजतां अक्कास स्वतः घाटावर नेते. वरच्या कोरड्या पायरीवर दोघी बसतात. तांब्या सूनबाई भरून आणते, अर्घ्य अक्का देते. पहांटेचें उठणें पुष्कळ कमी झालें आहे.

संध्याकाळ कठीण. दिवे लागले कीं अक्का बोचकें बांधते. "मला घरीं जायचंय, आई वाट पाहत असेल." हेंच घर, असें म्हटलें तर चिडते. मग मी म्हणें, "चल, पोंचवतों." आम्ही दिंडींतून निघून आळीच्या टोकापर्यंत जात असूं. वाटेंत ती आमच्या साताऱ्याच्या अंगणांतल्या पेरूची गोष्ट सांगे. तो पेरू मलाही आठवतो. वळून परत आलों कीं ओटी पाहून म्हणे, "आलं बाई एकदाचं," आणि बोचकें खालीं ठेवी.

माडीच्या जिन्याच्या तोंडाशीं झडप बसवावयाची तेवढी राहिली आहे. सुतार गुरुवारीं येतो म्हणाला होता. आला कीं नाहीं, हें भाच्याच्या फोनवरून कळेल.