मुहम्मद अलींच्या गावात

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे अमेरिकेला जाऊन आलो. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्नियाही नाही. केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठी लुईव्हिल नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. भाचा साद तिथे नोकरीला आहे. "मामू, मुमानी, एकदा तरी या," हा त्याचा चार वर्षांचा आग्रह होता. निघण्यापूर्वी मिरजेत जो भेटेल तो विचारायचा, "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" आमच्याजवळही नीट उत्तर नव्हते.

उत्तर विमानतळावरच मिळाले. वाटेत दोनदा विमान बदलून, थकून उतरलो आणि समोर नाव दिसले: लुईव्हिल मुहम्मद अली आंतरराष्ट्रीय विमानतळ. २०१९ साली शहराने आपल्या या सुपुत्राचे नाव विमानतळाला दिले. परक्या मुलखात, एवढ्या मोठ्या अक्षरांत ते मुबारक नाव वाचून आम्ही क्षणभर थांबलो. बॅगा उचलता उचलता साद हसत म्हणाला, "बघा मामू, इथे विमानतळाचं नाव पूर्ण लिहितात. माझं मात्र अर्धंच."

याचा उलगडा गाडीत झाला. सादचे पूर्ण नाव मोहम्मद साद. शाळेत घालताना गुरुजींनी हजेरीपटावर 'मो. साद' लिहिले. दाखल्यावर तेच आले. इंग्रजीत त्याचे एम-ओ-एच-डी झाले आणि पासपोर्टवर तीच चार अक्षरे त्याचे पहिले नाव म्हणून छापली गेली. इथे पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत. त्यामुळे ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात तो 'मोहड' आहे. "सुरुवातीला समजावून सांगायचो. मग सोडून दिलं. आता कोणी मोहड म्हटलं की मीच वळून बघतो," तो म्हणाला. आम्ही हसलो खरे, पण ते मनात राहिले. वीस वर्षे आम्हीही शाळेत 'मो.'च लिहीत आलो आहोत.

गंमत अशी, की हे शहर स्वतःच्या नावाबद्दल फार हळवे आहे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्यावरून ते ठेवले गेले. बाहेरचे लोक 'लुईसव्हिल' म्हणतात, स्थानिक लोक 'लूव्हल' असे काहीसे घशातल्या घशात बोलतात. त्याचे निरनिराळे उच्चार लिहिलेले टी-शर्ट दुकानांत मिळतात. आमचा उच्चार चुकला की दुकानदार हसून दुरुस्त करायचे, आणि आम्ही पुन्हा म्हणून दाखवायचो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १८७५ पासून चालत आलेली घोड्यांची डर्बी शर्यत इथलीच. बेसबॉलच्या बॅटी बनवणाऱ्या कारखान्याच्या संग्रहालयाबाहेर १२० फुटांची बॅट इमारतीला टेकवून उभी केली आहे. जुन्या रेल्वेपुलावर आता फक्त पायी आणि सायकलने जाता येते. संध्याकाळी त्यावरून चालत नदी ओलांडली की आपण इंडियाना राज्यात पोचतो! केंटकी मद्यासाठीही प्रसिद्ध आहे. मुख्य रस्त्यावर त्याचीच दालने ओळीने लागतात. तो भाग आम्ही झपाझप मागे टाकला.

हलाल जेवणाची काळजी होती, ती पहिल्याच दिवशी मिटली. बोस्निया, सोमालिया, इराक इथून निर्वासित होऊन आलेली अनेक कुटुंबे या शहरात स्थिरावली आहेत. त्यांची दुकाने आहेत, मशिदी आहेत. जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजतात. मगरिबची वाट पाहून डोळे पेंगायचे आणि इशाला तर साडेदहा होऊन जात. आपण घरी पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो, तिथे किबला ईशान्येला येतो. पहिले दोन दिवस पाय आपोआप चुकीच्या दिशेला वळायचे. जुम्याला आमच्या एका बाजूला सोमाली गृहस्थ, दुसऱ्या बाजूला बोस्नियन. भाषा एकाचीही कळत नव्हती. सलाम फेरल्यावर दोघांनी हात मात्र असा दाबला, जसा ईदला शेजारी दाबतो.

नदीकाठी मुहम्मद अली सेंटर आहे, २००५ साली उघडलेले. बाहेरच्या भिंतीवरच्या रंगीत फरशांमधून दुरून पाहिले की अलींचे चित्र दिसते. आत एक संपूर्ण दिवस गेला. १९४२ साली इथे जन्मलेल्या मुलाचे नाव कॅशियस मार्सेलस क्ले. बारा वर्षांचा असताना त्याची लाल सायकल चोरीला गेली. चोराला बदडून काढीन, असे रडत रडत तो एका पोलिसाला सांगू लागला. तो पोलीस मुलांना बॉक्सिंग शिकवत असे. तो म्हणाला, आधी लढायला तर शीक. १९६० मध्ये हाच मुलगा रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन परतला, आणि पदकविजेता असूनही त्याच्याच गावातल्या एका हॉटेलात काळा म्हणून त्याला जेवण नाकारले गेले, असे अलींनी स्वतः सांगितले आहे.

१९६४ मध्ये ते जगज्जेते झाले, त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले आणि नाव घेतले मुहम्मद अली. जुने नाव वाईट माणसाचे नव्हते. ते केंटकीतल्या एका गुलामगिरीविरोधी गोऱ्या पुढाऱ्यावरून आले होते. पण अलींचे म्हणणे, ते गुलामांना मालकांनी दिलेले नाव आहे, माझे नाही. कित्येक वर्तमानपत्रे पुढे अनेक वर्षे त्यांना क्लेच लिहीत राहिली. १९६७ मध्ये एर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम जुने नाव घेतले, तेव्हा रिंगणात ठोसे मारताना अली एकच प्रश्न विचारत होते, "माझे नाव काय?" ती लढत फार क्रूर झाली. शिक्षक म्हणून आम्ही मुलांना तसे वागायला कधीच सांगणार नाही. पण तो प्रश्न ऐकताना साद आमच्या शेजारी अगदी गप्प उभा होता.

त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यांनी धर्मश्रद्धेचे कारण देऊन नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर असल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षे लढता आले नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. शहराला उमज पडायला आणखी वेळ लागला. जुन्या वॉलनट स्ट्रीटला १९७८ मध्ये मुहम्मद अलींचे नाव मिळाले.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पश्चिमेकडे निघालो. नववा रस्ता ओलांडला आणि शहर बदलले. बंद दुकाने, पडक्या खिडक्या, रिकामे भूखंड. काळ्या लोकांची ही वस्ती. ग्रँड अव्हेन्यूवर अलींचे बालपणीचे छोटे गुलाबी घर आहे. आम्ही बाहेरूनच पाहिले. अंगणासमोर माहितीचा फलक आहे. याच शहरात २०२० साली ब्रिओना टेलर ही कृष्णवर्णीय तरुणी स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळ्यांनी मेली आणि महिनोन्‌महिने लोक तिचे नाव घेत रस्त्यावर उतरले. विमानतळाला नाव दिले म्हणून गावाचे सगळे हिशेब मिटत नाहीत, हे त्या वस्तीत उभे राहिल्यावर समजते.

शेवटच्या दिवशी केव्ह हिल कब्रस्तानात गेलो. जुनी झाडे, तळी, हिरवळ. कोंबडीच्या दुकानांमुळे आपल्याकडेही पोराटोरांना ठाऊक असलेले कर्नल सँडर्स इथेच पुरलेले आहेत. ३ जून २०१६ रोजी अलींचे निधन झाले. रमजान तोंडावर आला होता. ९ जूनला इथल्या फ्रीडम हॉलमध्ये हजारोंनी जनाज्याची नमाज पढली. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा शहरभर, त्या गुलाबी घरावरूनही गेली, आणि लोकांनी गाडीवर फुले टाकली. ज्या गावाने एका ताटाला नाही म्हटले, तेच गाव दुतर्फा उभे होते. कबर साधी आहे. दगडावर पूर्ण नाव आणि, दुसऱ्यांची सेवा हे जन्नतमधल्या आपल्या जागेचे भाडे आहे, अशा अर्थाचे शब्द. आम्ही मगफिरतीची दुआ केली. साद दगडावरच्या नावाकडे पाहत होता. परतताना म्हणाला, "मामू, पासपोर्टवरचं नाव बदलायला काय काय लागतं?"

बरेच काही लागते. शाळेचा दाखला, जन्मदाखला, आधार, राजपत्रातली जाहिरात, वकील आणि सुट्ट्या. ते काम अजून चालू आहे. त्याच्या ऑफिसात तो आजही मोहडच आहे.

म्हणून वाचक आई-बापांना एक विनंती. मुलाचे नाव जन्मदाखल्यावर लिहाल तेच, त्याच स्पेलिंगने, शाळेत, आधारवर आणि पुढे सगळीकडे लिहा. 'मो.', 'मोहं.', 'शे.' असे तुकडे करू नका, कुणाला करू देऊ नका. प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा, मगच सही करा.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीच्या हजेरीपटावर पहिले नाव मोहम्मद जैदचे होते. नावाचा रकाना अरुंद असतो. सवयीने 'मो' लिहून पेन टिंब द्यायला टेकले होते. आम्ही थांबलो, आणि पुढची अक्षरे बारीक करून, रकान्याच्या रेघेबाहेर थोडी जाऊ देऊन, नाव पूर्ण लिहिले.