गुरुजींचे शुद्धिपत्र

छापील अक्षर आपण सहज वाचून पुढे जातो. परंतु त्यापाठी किती जणांचे डोळे शिणलेले असतात, हे मला आमच्या मराठीच्या वृद्ध गुरुजींमुळे कळले.

शिक्षक होण्यापूर्वी गुरुजींनी गिरगावातील एका छापखान्यात बरीच वर्षे मुद्रिते तपासली होती. सेवानिवृत्त झाल्यावरही शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रिते त्यांजकडेच जात. त्या काळी शिशाचा एकेक खिळा हाताने जुळवावा लागे. इंग्रजीचे काम थोडक्या खिळ्यांत भागे. देवनागरीस मात्र काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. लहानपणी छापखान्यात खिळे घासण्यापासून आरंभ करून पुढे १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी हे गुरुजींचे आदर्श होते.

१९७२ साली मी अकरावीत होतो. गुरुजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे अंकाचे शेवटचे मुद्रित त्यांनी विश्वासाने मजकडे सोपविले. मला खेळावयास जाण्याची घाई! न वाचताच मी त्यावर 'छापावे' असे लिहून सही ठोकली. अंक छापून आला, तो शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांच्या यादीतून एका गिरणी कामगाराच्या मुलाचे नाव गळालेले! मुख्याध्यापकांनी विचारताच गुरुजी म्हणाले, "मुद्रिते माझ्याकडे होती. चूक माझी." मी खाली मान घालून गप्प राहिलो.

शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी, असे मी सुचविले. ते म्हणाले, "चिठ्ठी गळून पडते. त्या मुलाचे नाव पुन्हा गळता कामा नये." काळा चष्मा लावून ते दौत-टाक घेऊन बसले. दोन संध्याकाळी खपून आम्ही ३०० प्रतींत ते नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. शेवटची प्रत मिटताना मला राहवेना. "गुरुजी, मी ते मुद्रित वाचलेच नव्हते," मी रडत म्हणालो.

"ठाऊक आहे, बाळ. सही तुझीच होती ना? तू आपण होऊन कधी सांगतोस, याची वाट पाहत होतो."

पुढे त्या मुलाचे वडील अंक नेण्यास आले. त्यांना वाचता येत नव्हते. गुरुजींनी त्यांचे बोट धरून त्या नावावर ठेवले. ते कितीतरी वेळ तेथून हलले नाही.

आज गुरुजी हयात नाहीत, खिळेही गेले. आता संगणकावर चूक क्षणात पुसता येते. तरीही कोठे सही करण्याचा प्रसंग आला, की मजकूर पुन्हा एकदा वाचल्यावाचून माझा हात पुढे होत नाही.